कॅमेऱ्यासह शिवारफेरी

सह्याद्रीत ट्रेकला गेलेल्या फोटोग्राफरला डोंगर मदत करतो. वळणाआड लपता येते, झाडीतून डोकावता येते, कड्यावर पालथे पडून खालची दरी न्याहाळता येते. परभणी जिल्ह्यातल्या पोखर्णीच्या शिवारात यातले काहीच नाही. काळ्या जमिनीचा सपाट पट्टा, मधूनमधून बाभळी, एखादा ओढा, आणि नजर जाईल तिथपर्यंत ज्वारी, तूर, हरभरा. तुम्हाला काळवीट दिसते त्याच्या कितीतरी आधी काळविटाने तुम्हाला पाहिलेले असते. त्यात तुम्ही चार-पाच मित्र, हसत-खिदळत, एकमेकांना हाका मारत निघालेले असाल, तर त्या दिवशी पाठमोऱ्या जनावरांचे फोटो तेवढे मिळतील.

म्हणून सपाट मुलखात फोटो कॅमेऱ्याच्या किमतीवर ठरत नाही, टोळी कशी चालते यावर ठरतो. हा लेख कॅमेरा कोणता घ्यावा हे सांगण्यासाठी नाही. आहे तो कॅमेरा किंवा मोबाइल घेऊन मित्रांसोबत एक दिवस रानात कसा घालवावा, की फोटोही मिळतील, जनावरांना त्रास होणार नाही आणि शेतकरीही पुन्हा ‘या’ म्हणेल, यासाठी आहे. पोखर्णी हे निमित्त. मराठवाड्यातल्या कुठल्याही शिवाराला यातले बहुतेक लागू पडेल.

आधी शिवार वाचा

पोखर्णी हे परभणीहून गंगाखेडला जातानाचे गाव, नृसिंहाच्या देवस्थानामुळे सगळ्यांना ठाऊक असलेले. परभणी–परळी लोहमार्गावरचे ‘पोखर्णी नृसिंह’ स्थानक जवळ असल्याने मोटारसायकल नसलेल्यांनाही इथे येता येते. वेळापत्रक मात्र आदल्या दिवशी पाहून ठेवा आणि परतीसाठी गंगाखेड–परभणी एसटीचा पर्याय हाताशी असू द्या. देवस्थानाला गर्दी असते अशा दिवशी कॅमेऱ्याची फेरी ठेवू नका. रस्ते भरलेले असतात आणि रानातही माणसांची वर्दळ वाढते.

परभणी जिल्ह्यात अभयारण्य नाही. म्हणजे फाटक नाही, तिकीट नाही, गाइडही नाही. पण याचा दुसरा अर्थ असा, की जिथे पाय ठेवाल ती जागा कोणाच्या तरी सातबाऱ्यावर आहे, किंवा गावाचे गायरान आहे. वन्यजीवही याच शेतात राहतात. त्यांना दुसरे घर नाही. तेव्हा जंगल शोधत हिंडू नका. शिवारातल्या ठरावीक जागा ओळखायला शिका.

पहिली जागा पांदण. दोन्ही बाजूंच्या बोरी-बाभळींमुळे पांदण म्हणजे शेताशेतांमधली जिवंत भिंत असते. सातभाई, बुलबुल, होला, मुंगूस, घोरपड इथेच भेटतात. दुसरी जागा धुरा. नांगर न लागलेल्या या पट्टीत गवत टिकते, म्हणून लावे-तित्तिर आणि ससे तिथे दडतात. तिसरी जागा विजेच्या तारा आणि खांब. चास, वेडा राघू, कोतवाल, खाटीक, कापशी या सगळ्यांचा मुक्काम तिथे. चौथी जागा पाणी: विहीर, शेततळे, ओढ्यातले डबके, कालव्याची गळती. पाचवी गायरान आणि पडीक माळ, जिथे टिटवी, चंडोल, धाविक आणि दैव चांगले असेल तर काळविटांचा कळप दिसतो. संध्याकाळी उशिरा याच माळावर खोकड किंवा कोल्हा क्षणभर दिसून जातो.

पहिल्या फेरीत यापैकी तीन जागा निवडा आणि त्यांच्यावरच दिवस घालवा. दहा किलोमीटर तुडवून आलेल्या टोळीपेक्षा दोन किलोमीटरांत चारदा बसलेल्या टोळीकडे चांगले फोटो असतात.

टोळी चौघांची, कामे चार

चार माणसे पुरेत, पाच म्हणजे डोक्यावरून पाणी. सहा-सात जण जमलेच तर दोन तुकड्या करा आणि वेगवेगळ्या पांदणींनी जा. निघण्याआधी कामे वाटून घ्या.

पुढे चालणाऱ्याच्या हाती कॅमेरा. त्याच्या मागे दुर्बीणवाला. कुठे काय बसले आहे हे शोधणे त्याचे काम, फोटो काढणे नव्हे. तिसरा नोंदवाला: वही किंवा मोबाइलमध्ये वेळ, जागा, पीक, पक्ष्याचे वागणे टिपतो आणि पायाचे ठसे, फुले, किडे यांचे फोटो मोबाइलवर घेतो. चौथा सगळ्यात मागे. त्याची नजर प्राण्यांवर नसून टोळीवर: पुढे उघडी विहीर आहे का, कोणी पिकात पाय घालतोय का, शेतकरी हाक मारतोय का, किती वाजले. तासाभराने कामे बदला. महागडी लेन्स ज्याची आहे त्याने ती दिवसभर गळ्यात लटकवून ठेवली की दुपारपर्यंत बाकीचे कंटाळतात, मग गप्पा सुरू होतात आणि रान रिकामे होते. लेन्स फिरती ठेवा. मेमरी कार्ड ज्याचे त्याने घालावे, म्हणजे कोणता फोटो कोणाचा हा वाद राहत नाही.

चालायचे एका रांगेत. आडवी फळी करून चाललेली चार माणसे लांबून जनावराला हाका घातल्यासारखी दिसतात आणि ते उधळते. बोलायचे ते खुणांनी. हात वर म्हणजे थांबा, तळवा खाली म्हणजे बसा, मूठ म्हणजे मागे सरा. लांब हात करून ‘ते बघ!’ म्हणणे टाळा. पक्षी उडवण्यासाठी एवढे पुरते. त्याऐवजी खूण सांगा: ‘बाभळीचा शेंडा, तिथून डावीकडे, दोन फांद्या खाली.’ मोबाइल सायलेंटवर, कॅमेऱ्याची बीप बंद, आणि सोय असेल तर शटरही मूक. ब्लूटूथ स्पीकर घरी.

कपडे मातकट, वाळल्या गवताच्या रंगाचे. पांढरा शर्ट आणि भडक टोपी सपाट रानात मैलभरावरून दिसते.

उन्हाचे गणित

मराठवाड्यात फोटोचा दिवस छोटा असतो. हिवाळ्यात सूर्य सातच्या जरा आधी उगवतो. तेव्हापासून साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी साडेचारनंतर अंधार पडेपर्यंत, एवढीच खरी वेळ. मधल्या वेळेत सपाट जमीन तापते आणि जमिनीलगतची हवा थरथरू लागते. लांबच्या काळविटाचा फोटो त्या हवेतून घेतला की तो कधीच रेखीव येत नाही. पाय पाण्यात बुडाल्यासारखे आणि कडा विरघळल्यासारख्या दिसतात. लोक लेन्सला दोष देतात, फोकस तपासत बसतात. दोष मृगजळाचा असतो. त्यावर उपाय दोनच: लवकर या, किंवा अंतर कमी असेल तेच टिपा. दहा वाजल्यानंतर दूरचे सोडून द्या आणि फुलपाखरे, चतुर, सरडे, झाडांच्या साली, विहिरीची सावली याकडे वळा.

दुसरे गणित दिशेचे. सकाळी पश्चिमेकडे चालत जा आणि संध्याकाळी पूर्वेकडे परता. दोन्ही वेळा सूर्य पाठीशी राहतो आणि उजेड जनावराच्या डोळ्यात पडतो. उलट दिशेने गेलात तर दिवसभर काळ्या आकृत्याच मिळतील. सूर्यासमोरून मुद्दाम काढायचा असेल तर संध्याकाळचा शेवटचा अर्धा तास त्यासाठी राखून ठेवा. ज्वारीच्या कणसांमागून येणारा उजेड आणि त्यावर बसलेली मुनिया हा फोटो त्याच वेळी जमतो.

थंडीला हलके घेऊ नका. परभणीच्या कृषी विद्यापीठात २०१८च्या डिसेंबरअखेरीस २ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. अशा पहाटे बॅटरी लवकर उतरते. जादा बॅटरी खिशात, अंगाच्या उबेत ठेवा.

काळवीट: अंतर त्याने ठरवायचे

या पट्ट्यात सगळ्यांना हवा असतो तो काळविटाचाच फोटो, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

काळवीट माणसाला सरावलेले असते. वखर हाकणारा शेतकरी, डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन जाणारी बाई, सायकलवरचा पोरगा हे सगळे त्याच्या रोजच्या पाहण्यातले. चालत्या माणसाकडे ते मान वर करून पाहते आणि पुन्हा चरू लागते. त्याला भीती वाटते ती थांबून टक लावून पाहणाऱ्याची आणि सरळ त्याच्या रोखाने येणाऱ्याची. म्हणून कळप दिसला की लगेच थांबू नका. त्याच्याकडे तोंड न करता, तिरप्या वाटेने, आहे त्याच चालीने पुढे जात राहा. मग एखाद्या बाभळीखाली किंवा बांधाच्या उताराला सगळे एकदम खाली बसा. उभी माणसे आणि बसलेली माणसे यांत सपाट रानात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आता कळपाकडे पाहा. माद्या चरत असतील, नर शिंगे मागे टाकून ऐटीत हिंडत असेल, तर तुम्ही त्यांच्या दृष्टीने निरुपद्रवी ठरलात. दोघी-तिघींनी मान वर काढली आणि चरणे थांबले की तिथेच गोठून राहा. कळप एका बाजूला सरकू लागला, एखादी मादी चारही पाय जुळवून हवेत उसळली, की समजा तुम्ही हद्द ओलांडली. मागे सरा. पाच-दहा मिनिटांत चरणे पुन्हा सुरू झाले नाही तर त्या दिवसापुरते त्यांना सोडा. बसून राहिलेल्या माणसाच्या दिशेने कळप स्वतःहून चरत येतो, हे पुष्कळदा घडते. त्यासाठी लागतो तो धीर, आणि चौघांतल्या एकाचाही धीर सुटला की तिघांची मेहनत पाण्यात जाते.

नराचा फोटो काढणे तांत्रिकदृष्ट्याही अवघड. पाठ जवळजवळ काळी, पोट आणि डोळ्याभोवतीचे कडे पांढरेशुभ्र. कॅमेरा काळ्याला पाहून फोटो उजळ करतो आणि पांढरा भाग जळून जातो. एक्स्पोजर किंचित कमी करा, काळ्या भागातला तपशील नंतर मोबाइलवर वा संगणकावर उजळता येतो. जळलेला पांढरा परत आणता येत नाही. शक्य तेवढे खाली बसून, त्याच्या डोळ्याच्या पातळीवरून काढा. शिंगांमागे तुरीची गर्दी न येता मोकळे आकाश आले तर त्यांचा पीळ उठून दिसतो.

मोटारसायकलवरून कळपामागे धावणे हा गुन्हा आहे, नुसता वाईट छंद नव्हे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत जनावराला हाकणे, त्याचा पाठलाग करणे, आमिष दाखवणे हेही येते. पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणेसुद्धा त्यातच धरले आहे. काळवीट आणि लांडगा दोघेही या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. हातात बंदूक नसून कॅमेरा होता, ही सबब चालत नाही.

विहिरीवरची सुगरण आणि तारेवरचा चास

जून ते सप्टेंबरच्या दरम्यान आलात तर विहिरीवर झुकलेली बाभूळ शोधा. तिच्यावर सुगरणींची वसाहत हमखास असते. घरटी बहुतेक झाडाच्या पूर्वेकडच्या अंगाला टांगलेली दिसतात, कारण नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसाचा मारा तिथे कमी लागतो. याचा फोटोग्राफरला सरळ फायदा: सकाळचे कोवळे ऊन थेट घरट्यांवर पडते. विहिरीच्या पलीकडच्या काठावर, झाडापासून दूर बसा. नर पिवळ्या डोक्याचा. तो गवताची हिरवी दशी चोचीत धरून येतो, अर्धवट विणलेल्या घरट्याच्या कड्यात उभा राहतो आणि डोके आतबाहेर करत दशी ओवतो. मादी जवळ आली की घरट्याखाली उलटा लटकून पंख फडफडवतो. तो क्षण हवा असेल तर घरट्यावर आधीच फोकस धरून ठेवा आणि शटर १/१६००च्या आसपास असू द्या. मादी घरटे पाहायला आली, की सगळे झटपट उरकते.

इथे एक गोष्ट कटाक्षाने पाळा. आपल्या भागातल्या कितीतरी जुन्या विहिरींना कठडा नाही, काठावर गवत माजलेले असते. डोळा कॅमेऱ्याला लावून मागे सरकणे म्हणजे साक्षात संकट. मागच्या माणसाने अशा वेळी फोटो काढणाऱ्याचा खांदा धरून उभे राहावे.

सुगरणीची वसाहत उघड्यावर, माणसांच्या वर्दळीत असते, म्हणून दुरून चालते. बाकी घरट्यांना हात जोडा. टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांत मिसळून गेलेली असतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली तर तुमच्या पायाशीच काहीतरी आहे. आल्या पावली, त्याच ठशांवर पाय ठेवत मागे फिरा. फांद्या बाजूला सारून पिल्लांचा फोटो काढला की घरटे कावळ्याला आणि मांजराला उघडे पडते. चांगल्या स्पर्धा असे फोटो बघतही नाहीत. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणे हाही त्यातलाच प्रकार. विणीच्या दिवसांत तो खाणे सोडून त्या खोट्या शत्रूला शोधत राहतो.

हिवाळ्यात तारा पाहा. चास बसलेला असताना भुरकट वाटतो, उडाला की निळ्या पंखांचा उजेड पडतो. म्हणून बसलेल्या चासाचे दहा फोटो काढण्यात वेळ घालवू नका. खाली गवतात टोळ दिसला की तो मान खाली करतो आणि अंग किंचित पुढे झुकवतो. त्यानंतर उडी ठरलेली. शटर १/२०००, फोकस चालत्या विषयावर टिकून राहणाऱ्या पद्धतीवर, आणि चौकटीत त्याच्या पुढे जागा मोकळी. तार फोटोत नको असेल तर झेप घेतल्यानंतरचाच क्षण पकडा. कापशी हवेत एका जागी फडफडत थांबते, पाय खाली सोडते, पायऱ्या उतरल्यासारखी टप्प्याटप्प्याने खाली येते. तीही याच पद्धतीने टिपता येते.

ज्वारी हुरड्यात आली की भोरड्या येतात. पूर्व युरोप आणि मध्य आशियातून आलेले हे गुलाबी-काळे पक्षी थव्याने उतरतात. शेतकऱ्याच्या कणसांवर त्यांचा डोळा असतो, तसा टोळांवरही. माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा राखणदार आणि त्याच्यावरून लाटेसारखा वळणारा थवा हा एकाच चौकटीतला फोटो इथल्या रानाची खरी ओळख सांगतो. अशा वेळी मोठी लेन्स काढून ठेवा. मोबाइलची रुंद चौकटच हवी. मार्चमध्ये याच भोरड्या पळस, पांगरा आणि काटेसावरीच्या फुलांवर भेटतात.

नांगरट चालू असेल तर ट्रॅक्टरपासून लांब, वाऱ्याच्या दिशेने उभे राहा. मागे बगळ्यांची रांग, वर घारी, बाजूला कोतवाल: उकरलेल्या किड्यांवर सगळे तुटून पडलेले असतात. काळ्या मातीवर पांढरा बगळा आला की एक्स्पोजर पाऊण ते एक टप्पा कमी करा. आभाळासमोरचा काळा कोतवाल असेल तर उलट तेवढेच वाढवा. पक्ष्याच्या नावाची खात्री नसेल तर मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’ घरी असू द्या, आणि रानात मेंढपाळाला विचारा. लांडगा कोणत्या ओढ्याने फिरतो हेही त्यालाच माहीत असते.

मोबाइल कमी नव्हे

चौघांत एकच मोठी लेन्स असेल तर बाकीच्यांनी हिरमुसायचे कारण नाही. लांबचा पक्षी मोबाइलने झूम करून काढू नका, रंगाचे ठिपके मिळतात. मोबाइलने जवळचे काढा. मृगाच्या पहिल्या पावसानंतर मातीवर आलेला लाल मखमली किडा, कपाशीच्या पानावरचा कोळी, ओल्या पांदणीवरचे पायाचे ठसे. ठशाचा फोटो घेताना शेजारी नाणे ठेवा, म्हणजे आकार कळतो. मोबाइल बरोबर वरून धरा आणि ऊन तिरपे असताना काढा. चार बोटांचे ठसे, पुढे नखांच्या खुणा, कुत्रा की कोल्हा की लांडगा हे घरी आरामात पडताळता येते. काळी माती ओली असताना बुटाला मात्र किलोकिलोने चिकटते. पावसाळ्यात पांदणीतून पुढे किती जायचे हे पायांना विचारून ठरवा.

शेत दुसऱ्याचे आहे

परभणी जिल्ह्यात सध्या रानात तिकाटणे लावून उभ्या असलेल्या अनोळखी माणसांकडे लोक संशयाने पाहतात, आणि त्याला कारण आहे. शक्तिपीठ महामार्गाच्या जमीनमोजणीला जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी विरोध केलेला आहे. तुमचा ट्रायपॉड लांबून मोजणीच्या यंत्रासारखाच दिसतो. म्हणून आधी शेतातल्या आखाड्यावर जा, रामराम करा, कुठले आहात आणि काय काढणार आहात ते सांगा. ‘फोटू काढायलेत व्हय? काढा की,’ असे एकदा म्हटले गेले की तोच माणूस हरणे सकाळी कोणत्या शेतात होती तेही सांगतो. पाणी विचारतो. हुरड्याचे दिवस असले तर पोटही भरतो.

बोलताना भान ठेवा. रात्रभर रानडुकरे आणि रोही हाकलून दमलेल्या माणसापुढे हरणांच्या सौंदर्याचे कौतुक करणे म्हणजे जखमेवर मीठ. त्याचे ऐकून घ्या. त्याच्या खाल्लेल्या पिकाचे चार फोटो तारीख-वेळेसह काढून त्याला पाठवा, वनखात्याच्या पंचनाम्याला ते उपयोगी पडतात. उभ्या पिकात पाय घालायचा नाही, हरभऱ्याचे घाटे तोडायचे नाहीत, गेट जसे होते तसे लावायचे, बिस्किटाचा कागद खिशात ठेवायचा. बायका खुरपत असतील तर विचारल्याशिवाय कॅमेरा त्यांच्याकडे वळवायचा नाही.

कुंपणाला हात लावण्याआधी विचारा. बऱ्याच शेतांना झटका मशीन जोडलेले असते, आणि कुठे कुठे बेकायदा थेट वीजही सोडलेली असते. दुसरी फेरी गंगाखेडला गोदावरीवर काढलीत तर नदीसुरय, शेकाटे, चक्रवाक, कवड्या खंड्या यांची चंगळ आहे. पण जिथे वाळू उपसणे चालू असेल तिथे कॅमेरा पिशवीत आणि पावले दुसरीकडे. तुम्ही पक्षी काढताय यावर तिथे कोणी विश्वास ठेवणार नाही. उन्हाळ्यात वाळूच्या बेटांवर चढू नका. सुरयांची वाळूच्या रंगाची अंडी तिथेच उघड्यावर असतात.

जिवाची काळजी

पायात घोट्यापर्यंतचे बूट, परतीला उशीर झाला तर हातात टॉर्च. घोणस, नाग, मण्यार हे इथले रहिवासी आहेत. साप दिसला तर लांबून एक फोटो, मग वाट बदला. काठीने डिवचून फणा उभारायला लावण्याचा उद्योग करू नका. कोणाला चावलाच तर जखम कापणे, चोखणे, घट्ट बांधणे यातले काही करायचे नाही. माणसाला शांत ठेवा, चावा असलेला हात-पाय हलू देऊ नका, १०८ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही.

वडावर किंवा पडक्या देवळाच्या भिंतीला आग्या मोहोळ असेल तर त्याच्याखाली धूर, अत्तर आणि गोंगाट नको. ड्रोन तर आणूच नका. त्याच्या आवाजाने कळप उधळतात आणि शेतकऱ्यांचा संशय दुणावतो. जखमी जनावर दिसले तर त्याच्याभोवती गर्दी करून फोटो काढत बसण्यापेक्षा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. कुत्र्यांनी फाडलेल्या हरणाच्या पाडसाला पाणी पाजण्याचा प्रयत्नही करू नका, घाबरून ते जागीच दगावते. उन्हाळ्यात पाणवठ्याच्या तोंडाशी ठाण मांडू नका. तुम्ही बसून राहिलात तेवढा वेळ जनावर तहानलेले दूर उभे असते.

घरी आल्यावर

खरे काम इथे सुरू होते. त्याच रात्री फोटो दोन ठिकाणी उतरवा. फोल्डरला तारीख आणि शिवाराचे नाव द्या, नोंदवाल्याची वही फोटोशी जुळवा. टोळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तपशील चिरडून जातो. चाळणी निर्दयपणे लावा: प्रत्येकाने आपले पाचच ठेवायचे, आणि ते बाकीच्या तिघांनी निवडायचे. स्वतःच्या फोटोला फोटोमागचे कष्ट चिकटलेले असतात, दुसऱ्याला फक्त फोटो दिसतो.

ई-बर्ड किंवा आय-नॅचरलिस्टवर नोंद टाका, पण लांडग्याचे बिळ, घुबडाची ढोली, कळपाची रोजची जागा यांचे नेमके ठिकाण उघड करू नका. फोटोतली लोकेशनची माहितीही काढून टाका. रंग एवढे चढवू नका की बाभळीची पाने पोपटी दिसतील. आपल्या रानाचा मातकट रंग हीच त्याची खूण आहे. ज्या आखाड्यावर पाणी प्यालात तिथे पुढच्या वेळी एक छापील फोटो घेऊन जा.

आणि पुढची वेळ याच शिवारात ठेवा. परभणीजवळ अभयारण्य नाही म्हणून लोक ताडोबा-टिपेश्वरच्या बुकिंगमागे धावतात. तिथे वाघ दिसेल, पण जिप्सी कुठे थांबणार हे तुमच्या हाती नसते आणि पायी उतरायची मुभा नसते. पोखर्णीच्या पांदणीत तुम्ही पायी आहात, चौघे आहात, आणि जून, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च अशा चार फेऱ्या एकाच वाटेने केल्यात तर वर्षअखेरीस तुमच्याकडे एका गावाच्या रानाची नोंद तयार होते: काय आले, काय गेले, कोणत्या बाभळी तुटल्या, कळपात पाडसे किती वाढली. गावागावांत असे चार-चार मित्र निघाले तर जिल्ह्याचे रान पहिल्यांदा नीट कागदावर येईल. पुढच्या फेरीची तारीख परतीच्या गाडीतच ठरवून टाका.